कॉलेजच्या क्लब टीमला विकिपीडियात जागा आहे का? एका फुकट सेवेचं परीक्षण

अमेरिकेतल्या विद्यापीठांत क्रिकेटचे क्लब चालवणाऱ्यांत आपली मुलं बरीच असतात. पुण्या-मुंबईहून, नागपूरहून एमएसला गेलेली. मॅट स्वतः अंथरायची, वर्गणी काढून बॉल आणायचे, शनिवारी तीन-चार गाड्या करून शेजारच्या राज्यात मॅचला जायचं. दोन सीझन बरे गेले, एखादा करंडक हाती लागला, की ग्रुपवर कुणीतरी टाकतंच: ‘आपलं विकिपीडियावर पान पाहिजे.’ रात्रीत मजकूर तयार होतो. तो टिकत नाही, आणि मग चिडचिड सुरू होते. अमक्या विद्यापीठाच्या हॉकी क्लबचं पान आहे, तर आमचं का नाही?

हे परीक्षण त्या तक्रारीचं आहे, म्हणजे एका सेवेचं: इंग्रजी विकिपीडियात नवा लेख आत घ्यायची आणि नको तो बाहेर काढायची जी यंत्रणा आहे, तिचं. सेवा फुकट आहे आणि खिडकीवर बसलेले सगळे स्वयंसेवक आहेत. निकाल आधीच सांगतो. नियम चोख, खिडकी मंद, अंमलबजावणी कमी-जास्त. आणि बहुतेक क्लब टीमना शेवटी जे उत्तर मिळतं (स्वतंत्र लेख नाही, विद्यापीठाच्या क्रीडाविषयक लेखात एखादा परिच्छेद घाला), ते ऐकायला कडू असलं तरी बरोबर असतं.

आधी ‘क्लब टीम’ म्हणजे काय ते नीट समजून घ्यायला हवं, कारण आपल्याकडच्या ‘कॉलेजची टीम’ या शब्दात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र होतात. अमेरिकेत सर्वांत वरची ‘व्हार्सिटी’. ती विद्यापीठाच्या क्रीडा विभागाची टीम. पगारी प्रशिक्षक, विद्यापीठाचं बजेट, आणि बहुतेक खेळांत एनसीएए या कॉलेज-खेळांच्या राष्ट्रीय संस्थेच्या स्पर्धा. तिच्याखाली ‘क्लब’. ही टीम विद्यार्थीच चालवतात, पैसे वर्गणीतून आणि थोडे विद्यार्थी-निधीतून येतात, मैदानाची वेळ मनोरंजन विभागाकडून मागून घ्यावी लागते, पण सामने दुसऱ्या विद्यापीठांशी होतात. सर्वांत खाली ‘इंट्राम्युरल’, म्हणजे कॉलेजच्या आतल्या आत, वसतिगृह विरुद्ध वसतिगृह. इंट्राम्युरल टीमचा लेख होत नाही, त्यावर वेळ घालवू नये. वाद फक्त मधल्या मजल्याचा.

इथे पहिली गैरसमजूत अशी, की व्हार्सिटी असली की लेख पक्का आणि क्लब असला की नकार पक्का. तसं काही नाही. अमेरिकेतली पहिली आंतरमहाविद्यालयीन क्रीडास्पर्धा म्हणून जी नोंदवली जाते, ती १८५२ ची हार्वर्ड–येल नौकाशर्यत, न्यू हॅम्पशायरमधल्या विनिपसॉकी तलावावरची. ती विद्यार्थ्यांनीच चालवलेल्या बोट क्लबांची होती आणि तिचा खर्च एका रेल्वे कंपनीनं केला होता, प्रवासी मिळावेत म्हणून. व्हार्सिटी-क्लब अशी भिंत तेव्हा उभीच राहिली नव्हती. एनसीएएचा जन्मच १९०६ चा. पुरुषांचं रोइंग आजही एनसीएएच्या छत्राखाली नाही. स्क्वॉशही नाही, तरी कनेक्टिकटमधल्या ट्रिनिटी कॉलेजच्या पुरुष संघानं १९९८ ते २०१२ या काळात सलग २५२ सामने जिंकले आणि येलनं ती मालिका तोडली तेव्हा देशभर बातमी झाली. एनसीएएचा शिक्का नसला म्हणून त्या संघाची नोंद कुणी नाकारणार नाही.

याहून बोलकं उदाहरण बर्कलीचं. कॅलिफोर्निया विद्यापीठाचा रग्बी संघ म्हणजे अमेरिकन कॉलेज रग्बीतली मुंबईची रणजी टीम म्हणा. पंचवीसहून अधिक राष्ट्रीय विजेतेपदं आणि १९८४ पासून दशकानुदशकं जॅक क्लार्क हेच मुख्य प्रशिक्षक. सप्टेंबर २०१० मध्ये विद्यापीठानं खर्चकपातीत या संघाचा व्हार्सिटी दर्जा काढून त्याला ‘व्हार्सिटी क्लब’ करायचं जाहीर केलं आणि फेब्रुवारी २०११ मध्ये तो निर्णय फिरवला. दर्जावरच लेखाची पात्रता ठरत असती, तर या मधल्या महिन्यांत कॅल रग्बीची पात्रता टांगणीला लागली असती. तसं होत नाही. एकदा आलेली ‘उल्लेखनीयता’ (स्वतंत्र लेख होण्याची पात्रता) पुढे नाहीशी होत नाही, असं विकिपीडियाचा नियमच म्हणतो.

मग पात्रता कशावर ठरते? टीमबद्दल, टीमशी संबंध नसलेल्या, भरवशाच्या माध्यमांनी सविस्तर लिहिलंय का, यावर. बस. विकिपीडियावर संस्थांसाठी एक वेगळा, जास्त कडक निकष आहे, पण क्रीडासंघांना त्यातून मुद्दाम वगळलं आहे. संघांना सर्वसाधारण निकष लागतो. म्हणजे कंपनीपेक्षा टीमला दार थोडं सैल आहे. उलट बाजूनं, ‘अमुक पातळीवर खेळलात म्हणून आपोआप पात्र’ ही जुनी सवय खेळांच्या निकषांतून २०२२ च्या मोठ्या चर्चेनंतर बरीचशी गेली. त्यामुळे ‘आम्ही राष्ट्रीय स्पर्धेत खेळलो’ हे वाक्य आता एकटं पुरत नाही. राष्ट्रीय स्पर्धेत खेळलात, त्याबद्दल कुणी काय लिहिलं, हे विचारतात.

गंमत म्हणजे आपल्याकडचा मराठी विश्वकोश वाईच्या कार्यालयात घडत होता तेव्हाही मूळ प्रश्न हाच होता: नोंद कशाची घ्यायची. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादक मंडळाला पानांची मर्यादा होती, म्हणून निवड आधी करावी लागे. विकिपीडियाला कागदाची मर्यादा नाही. तिथली मर्यादा आहे तपासता येण्याची. कुणीही काहीही लिहू शकत असेल, तर लिहिलेलं पडताळायला बाहेरचा कागद हवा, आणि तो कागद नसेल तर लेख म्हणजे टीमचं स्वतःबद्दलचं पत्रक होतं. हा तर्क एकदा पटला की बाकीचे सगळे नियम आपोआप समजतात.

आता खरा कस लागतो तो कात्रणं मोजताना. क्लबची मुलं साधारण चाळीस दुवे घेऊन येतात आणि त्यातला एकही चालत नाही, असं वारंवार होतं. का ते पाहू.

विद्यापीठाच्या क्रीडा विभागाची वेबसाइट: स्वतंत्र नाही, टीम त्यांचीच. लीगची वेबसाइट: लीगला आपल्या टीम मोठ्या दिसण्यात रस आहे, म्हणून ती वर्ष, गुण, निकाल यांसाठी चालते, पात्रतेसाठी नाही. विद्यार्थ्यांचं वृत्तपत्र: इथे सर्वांत जास्त वाद होतात. अमेरिकेतली काही कॅम्पस दैनिकं व्यावसायिक दैनिकांच्या तोडीची आहेत, तथ्यांसाठी त्यांचा संदर्भ खुशाल द्यावा. पण आपल्याच विद्यापीठाच्या टीमबद्दल त्यांनी लिहिलेलं उल्लेखनीयतेच्या हिशेबात धरत नाहीत, कारण लिहिणारा आणि खेळणारा एकाच मेसमध्ये जेवतात. स्थानिक दैनिकातली ‘शनिवारचे निकाल’ ही चौकट: नेहमीची नोंद, सविस्तर नाही. कर्णधाराची प्रश्नोत्तरी मुलाखत: बोलणारा टीमचाच, म्हणून प्रश्नोत्तरांचा भाग बाद, पत्रकारानं स्वतः लिहिलेला भाग असेल तर तेवढा मोजावा. प्रसिद्धिपत्रक जसंच्या तसं छापलेली बातमी: बाद. इन्स्टाग्राम, यूट्यूबवरचं थेट प्रक्षेपण, स्कोअरिंग अॅपवरची आकडेवारी: हे सगळं टीमनंच किंवा लीगनं तयार केलेलं. ब्लॉग: लिहिणारा त्या विषयातला मान्यवर तज्ज्ञ नसेल तर बाद.

आणि सगळ्यांत फसवी जात: बातमी मोठी आहे, वृत्तपत्र नामांकित आहे, पण विषय टीम नाही. एखाद्या खेळाडूच्या आजारपणातून सावरण्याची गोष्ट, विद्यापीठात नवीन मैदान झाल्याची बातमी, परदेशी विद्यार्थ्यांच्या जीवनावरचा लेख ज्यात क्रिकेट क्लबला दोन ओळी. टीमचं नाव आलं म्हणजे टीमवर लिहिलं असं होत नाही. मोठेपणा वारशानंही येत नाही. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या सामन्यात तेंडुलकर आणि कांबळी यांनी शारदाश्रमसाठी ६६४ धावांची अभंग भागीदारी केली. त्यामुळे ती भागीदारी इतिहासात गेली, दोन खेळाडू गेले, स्पर्धेचं नाव सर्वदूर झालं. शारदाश्रमच्या क्रिकेट संघाच्या स्वतंत्र लेखासाठी मात्र संघावरचंच लेखन लागेल. तसंच, तुमच्या क्लबात खेळलेला कुणी पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय संघात गेला, तर त्याचा लेख होईल. क्लबला त्यातून एक ओळ मिळेल.

हिशेब करायची सोपी रीत अशी. चाळीस दुवे बाजूला ठेवा आणि सर्वोत्तम तीन निवडा. प्रत्येकाला तीन प्रश्न विचारा: लिहिणाऱ्याचा टीमशी, विद्यापीठाशी, लीगशी काही संबंध आहे का, प्रकाशनाला संपादक आहे का, आणि टीमबद्दल किमान तीन-चार सलग परिच्छेद आहेत का, ज्यावरून लेखाचा एक भाग लिहिता येईल. तिन्ही उत्तरं बरोबर आलेले तीन स्रोत असतील, शक्यतो वेगवेगळ्या वर्षांतले आणि एखादा तरी गावाबाहेरचा, तर पुढे जा. दोन असतील तर धोका आहे, पण करून पाहायला हरकत नाही. एक किंवा शून्य असेल, तर थांबा. मजकूर कितीही छान लिहिला तरी भागणार नाही. लेख ठेवायचा की वगळायचा या चर्चेत लेखनशैली मोजत नाहीत.

ज्यांची नोंद झाली, त्यांचं काय होतं ते पाहिलं की हा निकष किती बरोबर बसतो ते कळतं. पेन स्टेट विद्यापीठाचा ‘आइसर्स’ हा आइस हॉकी क्लब. अमेरिकन कॉलेजिएट हॉकी असोसिएशन ही क्लब हॉकीची संघटना १९९१ ची; आइसर्स तिच्याही आधीपासूनचे. २००० ते २००३ सलग चार वर्षं त्यांनी राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. पण त्यांच्याबद्दलचं लेखन खरं वाढलं ते सप्टेंबर २०१० मध्ये, उद्योगपती टेरी पेगुला यांनी विद्यापीठाला हॉकीसाठी ८८ दशलक्ष डॉलर दिले तेव्हा. क्लबचा व्हार्सिटी कसा होणार, प्रशिक्षक कोण, खेळाडूंचं काय, नवं मैदान कुठे, असं महिनोन्‌महिने छापून येत होतं. २०१२–१३ च्या हंगामात व्हार्सिटी संघ उतरला आणि २०१३ मध्ये पेगुला आइस अरीना उघडलं. अॅरिझोना स्टेटची गोष्ट त्याच वळणाची: २०१४ मध्ये क्लब पातळीचं राष्ट्रीय विजेतेपद, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ३२ दशलक्ष डॉलरच्या देणगीची घोषणा, आणि पुढच्या हंगामापासून एनसीएए. वाळवंटातल्या विद्यापीठाला बर्फावरची टीम, हे पत्रकारांना आयतंच मिळालं.

दोन्ही ठिकाणी संपादकांपुढे मग दुसरा, जास्त रंजक प्रश्न येतो. क्लबच्या काळाचा वेगळा लेख ठेवायचा, की व्हार्सिटी संघाच्या लेखात ‘इतिहास’ म्हणून मिसळायचा? माझं मत मिसळण्याच्या बाजूचं, जोवर क्लबच्या काळावरच वेगळं भरपूर लेखन नाही तोवर. वाचक नाव शोधत येतो, त्याला सलग कहाणी एका ठिकाणी मिळावी. पेन स्टेटसारख्या ठिकाणी, जिथे क्लबची चार दशकं आणि विजेतेपदं आहेत, तिथे वेगळ्या लेखाची बाजूही भक्कम आहे.

ब्रिगम यंग विद्यापीठाची पुरुषांची फुटबॉल टीम (सॉकर, आपल्या अर्थानं) हे तिसरं प्रकरण सगळ्यांत वेगळं. क्लब पातळीवरची ही टीम २००३ पासून दीड दशक प्रीमियर डेव्हलपमेंट लीगमध्ये, म्हणजे विद्यापीठांच्या बाहेरच्या लीगमध्ये खेळली. समोरचे संघ शहरांचे, प्रेक्षक तिकीट काढून आलेले. सामना दुसऱ्या शहरात असला की तिथलं दैनिक पाहुण्या टीमबद्दल लिहितं, आणि ते लेखन आपोआप स्वतंत्र असतं. कुठल्या लीगमध्ये खेळता याचा उल्लेखनीयतेशी थेट संबंध नसला, तरी लेखन कुठून येणार हे लीगवर ठरतं.

क्रिकेटचं सांगायचं तर फिलाडेल्फियाजवळच्या हॅवरफर्ड कॉलेजचा संघ देशातला एकमेव व्हार्सिटी क्रिकेट संघ म्हणून ओळखला जातो. तिथे क्रिकेटच्या ग्रंथांचा स्वतंत्र संग्रह आहे आणि खेळाची परंपरा एकोणिसाव्या शतकातली. त्याच्यावर बाहेरच्यांनी लिहिलेलं सापडतं. बाकी विद्यापीठांतले क्रिकेट क्लब २००९ पासून अमेरिकन कॉलेज क्रिकेटच्या स्पर्धांत एकत्र येऊ लागले. या स्पर्धांवर भारतीय वाचकांसाठीच्या अमेरिकी साप्ताहिकांत, कधी भारतातल्या दैनिकांत बातम्या येतात, पण त्या बहुधा ‘आपली मुलं तिकडे क्रिकेट खेळतात’ या प्रकारच्या. विषय स्पर्धा, टीम नव्हे. तेव्हा आजच्या घडीला प्रामाणिक सल्ला असा, की स्पर्धेचा लेख भक्कम करा, त्यात विजेत्यांचा तक्ता संदर्भांसह भरा. टीमच्या लेखामागे धावण्यापेक्षा खेळाला याचा उपयोग जास्त.

अल्टिमेट फ्रिस्बी या उडत्या तबकडीच्या सांघिक खेळात हेच झालंय. ६ नोव्हेंबर १९७२ ला रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना झाला, रटगर्सनं २९–२७ असा जिंकला. त्याच दोन विद्यापीठांच्या १८६९ मधल्या पहिल्या कॉलेज फुटबॉल (अमेरिकन फुटबॉल) सामन्याच्या तारखेलाच. त्या सामन्याची नोंद खेळाच्या इतिहासात पक्की आहे. पण सामना नोंदण्याजोगा असणं आणि रटगर्सचा आजचा क्लब नोंदण्याजोगा असणं, यांत फरक आहे.

आता खिडकीवरचा कारभार. तीन स्रोत हातात असतील तरच पुढचं वाचा.

खातं टीमच्या नावानं काढू नका. संस्थेच्या नावाची आणि अनेकांनी मिळून वापरायची खाती बंद केली जातात. एका माणसाचं एक खातं. तुम्ही टीमचे सदस्य असाल तर स्वतःच्या सदस्य पानावर आणि ड्राफ्टच्या (लेखाच्या कच्च्या मसुद्याच्या) चर्चा पानावर तसं एका वाक्यात जाहीर करा. लपवलं आणि उघडकीला आलं की चांगल्या स्रोतांवरही संशय येतो. खातं चार दिवसांचं आणि दहा संपादनांचं झालं की थेट मुख्य जागेत, म्हणजे प्रत्यक्ष विश्वकोशात, लेख टाकता येतो, पण टाकू नका. तिथे महत्त्वाचा काही दावाच नसलेला क्लबचा लेख चर्चेविना, झटपट निकषाखाली काही तासांत उडवता येतो. ड्राफ्टला हा निकष लागत नाही. म्हणून आधी धूळपाटीत (सरावाच्या पानावर) लिहा आणि ‘लेख निर्मिती’ या रांगेतून पाठवा.

मजकूर ४०० ते ५०० शब्दांचा पुरे. पहिल्या वाक्यात टीम काय, कुठल्या विद्यापीठाची, कुठल्या लीगमध्ये आणि ‘क्लब’ दर्जाची हे स्पष्ट. दर्जा लपवणाऱ्या ड्राफ्टवर तपासणाऱ्यांचा राग असतो. मग स्थापना, महत्त्वाचे हंगाम, वाद असतील तर तेही. प्रत्येक परिच्छेदाला संदर्भ, आणि तुमचे तीन भक्कम स्रोत पहिल्या दहा ओळींत दिसायला हवेत. तपासणारा शेकडो ड्राफ्ट पाहतो, तो चाळिसाव्या दुव्यापर्यंत जात नाही. ‘दैदीप्यमान’, ‘अल्पावधीत नावारूपाला आलेली’ असले शब्द गाळा. सध्याच्या खेळाडूंची यादी देऊ नका: संदर्भ नसतो, दर सहा महिन्यांनी शिळी होते, आणि ही सामान्य विद्यार्थ्यांची नावं आहेत. क्लबच्या वेबसाइटवरचा ‘आमच्याविषयी’ हा मजकूर तुम्हीच लिहिलेला असला तरी उचलून चिकटवू नका; प्रताधिकारभंग म्हणून अख्खा ड्राफ्ट जातो.

लोगोचं एक हमखास चुकतं. प्रताधिकार असलेला लोगो फक्त मुख्य जागेतल्या लेखात, ठरावीक अटींवर चालतो. ड्राफ्टमध्ये चालत नाही, कॉमन्सवर (विकिपीडियाच्या मुक्त चित्रांच्या कोठारात) तर अजिबात नाही. म्हणून लेख स्वीकारला जाईपर्यंत माहितीचौकटीत ती जागा रिकामी ठेवा. फोटोचं तसंच: फोटोतली टीम तुमची असली तरी हक्क कॅमेरा धरणाऱ्याचा. त्यानं स्वतः कॉमन्सवर मुक्त परवान्याखाली चढवावा, हा सरळ रस्ता.

पाठवल्यावर वाट पाहायची, आणि ही वाट कधी दिवसांची, कधी महिन्यांची. रांग पहिला आला तो पहिला अशी चालत नाही. स्वयंसेवक हवा तो ड्राफ्ट उचलतो, आणि काठावरचे ड्राफ्ट सगळेच टाळतात. क्लब टीमचा ड्राफ्ट नेमका काठावरचा असतो. या सेवेला इथे मी सर्वांत कमी गुण देईन. नाकारताना चिकटवलेला ठरावीक मजकूरही मदत करत नाही: चाळीसपैकी कुठले तीन मोजले, कुठले का नाही, हे तपासणाऱ्यानं एका ओळीत लिहिलं तर निम्मे वाद संपतील. लिहितात ते थोडे. ‘परत’ आणि ‘नाकारला’ यांतला फरक तेवढा लक्षात ठेवा. परत आलेला ड्राफ्ट सुधारून पुन्हा देता येतो, नाकारलेल्याचा विषय बहुधा तिथेच संपतो. सहा महिने कुणी हात लावला नाही तर ड्राफ्ट काढून टाकतात, पण मागितला तर परत मिळतो.

लेख स्वीकारला गेला तरी सुटलात असं नाही. कुणीही तो वगळण्याच्या चर्चेला नेऊ शकतं. ही चर्चा सात दिवस चालते, गरज पडली तर वाढवतात, आणि इथे क्लबची मुलं हमखास स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतात. ग्रुपवर दुवा टाकतात, रात्रीत पंधरा नवी खाती येऊन ‘ठेवा, ही ग्रेट टीम आहे’ लिहितात. मतं मोजत नाहीत, मुद्दे तोलतात. आणि नव्या खात्यांच्या लोंढ्यावर ‘या विषयापलीकडे संपादन नाही’ अशी खूण लागते. चांगल्या बाजूची वाट लागते. त्याऐवजी एकानंच एक प्रतिसाद द्यावा: हे तीन स्रोत, प्रत्येकात टीमवर इतके परिच्छेद, लेखकाचा संबंध नाही. ‘त्या टीमचा लेख आहे, मग आमचा का नको’ हे अजिबात लिहू नये. त्यावर ठरलेलं उत्तर असतं, आणि त्याचा परिणाम कधी कधी असा होतो की त्या दुसऱ्या टीमचा लेखही चर्चेला लागतो.

तक्रारीत तथ्य नाही असं मात्र नाही. विकिपीडिया २००१ चा. पहिल्या काही वर्षांत, निकष सैल असताना शिरलेले क्लबचे लेख एक-दोन दुव्यांवर अजून उभे आहेत आणि नव्यांना पूर्ण तपासणी. दुसरं, लेखन कुठे होतं यावर निकष उभा असल्यामुळे ज्या गावात दैनिक बंद पडलं त्या गावची टीम आपोआप कमी उल्लेखनीय ठरते. तिसरं, महिलांचे क्लब. शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला बंदी करणाऱ्या १९७२ च्या टायटल नाइन कायद्यानंतर त्यांतले काही व्हार्सिटी झाले, पण त्याआधीच्या काळावर छापलेलं फारच थोडं, आणि जे आहे ते जुन्या अंकांत, सशुल्क संग्रहात. असे संग्रह विकिपीडिया लायब्ररीतून फुकट मिळतात, पण त्यासाठी सहा महिने जुनं खातं आणि ५०० संपादनं लागतात. जुन्या क्लबवर काम करायचं असेल तर हा टप्पा आधी गाठावा. इथे अनेक ‘शून्य स्रोत’ टीमचे दोन-तीन स्रोत निघतात.

मधले लोक टाळा. ‘तुमचं पान हमखास मंजूर करून देतो, शुल्क इतकं’ असे मेल नाकारलेल्या ड्राफ्टच्या मालकांना येतात, कारण नकार जाहीर असतो. पैसे घेऊन लिहिणाऱ्यानं ते उघड करणं वापराच्या अटींत सक्तीचं आहे. हे लोक करत नाहीत. मंजुरीची हमी कुणीही देऊ शकत नाही, आणि प्रचालक (विकिपीडियाचे अॅडमिन) पैसे मागत नाहीत.

एक आडवाट म्हणून मराठी विकिपीडियाकडे वळणारेही आहेत. १ मे २००३ ला सुरू झालेला हा प्रकल्प इंग्रजीपेक्षा खूप लहान, राखणदार थोडे, त्यामुळे इंग्रजीत उडालेला लेख इथे काही काळ टिकू शकतो. प्रत्येक भाषेचे नियम त्या त्या समूहाचे, चावडीवर (त्यांच्या सामायिक चर्चापानावर) ठरलेले. कायद्यानं यात गैर काही नाही. पण ओहायोतल्या एका क्लबचं मराठी पान फक्त तो क्लबच वाचणार असेल, तर त्या वेळात आंतरविद्यापीठ क्रिकेटच्या रोहिंटन बारिया करंडकाचा किंवा एखाद्या जुन्या मराठी जिमखान्याचा लेख नीट करावा. त्यांच्यावर छापलेलं साहित्य आहे आणि लिहिणारे हात कमी आहेत.

बहुतेकांचा निकाल शेवटी ‘पुनर्निर्देशन’ असा लागतो: टीमच्या नावानं शोधलं की वाचक विद्यापीठाच्या क्रीडाविषयक लेखातल्या ‘क्लब खेळ’ या विभागात पोचतो. हा पर्याय चर्चेत आपणहून मागावा, वगळण्याची वाट पाहू नये. कारण पुनर्निर्देशनाखाली जुना मजकूर पानाच्या इतिहासात शाबूत राहतो, कुणालाही दिसतो. चार वर्षांनी टीमवर गावाबाहेरच्या दैनिकानं अर्धं पान लिहिलं, तर इतिहासातली आवृत्ती उघडायची, नवे संदर्भ घालायचे, लेख पुन्हा उभा करायचा. तोवर क्लबच्या सचिवानं एक फाइल ठेवावी: वृत्तपत्राचं नाव, तारीख, पान क्रमांक, लेखकाचं नाव आणि कात्रणाची स्कॅन प्रत. दुवे मरतात, पान क्रमांक असला की छापील अंकाचा संदर्भ दुव्याशिवायही चालतो.